ओळ कोणी लिहिली? : मेल क्यू आणि शेल स्क्रिप्ट यांविषयी प्रस्तावना

मेल सर्व्हर एखादा मेल स्वीकारतो तेव्हा पाठवणाऱ्या सर्व्हरला 250 हा कोड परत देतो. त्या क्षणापासून मेलची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. मेल पोहोचवायचा, नाहीच पोहोचला तर पाठवणाऱ्याला तसे कळवायचे, पण मधल्यामध्ये गहाळ होऊ द्यायचा नाही, हा ईमेलच्या देवघेवीचा मूळ नियम. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहिलेल्या आरएफसी 821 पासून आजच्या आरएफसी 5321 पर्यंत मानकाच्या आवृत्त्या बदलल्या, हा नियम तसाच राहिला. तो पाळता यावा म्हणून सर्व्हर 250 म्हणण्याआधीच मेल डिस्कवर लिहून ठेवतो. जिथे लिहून ठेवतो ती जागा म्हणजे क्यू.

बहुतेक मेल क्यूमध्ये क्षणभरच थांबतात. पण पलीकडचा सर्व्हर बंद असतो, डीएनएसचे उत्तर येत नाही, कोणाची मेलपेटी भरलेली असते. मग मेल क्यूमध्येच राहतो आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये, असे आरएफसी 5321 सांगते. पोस्टफिक्स सर्व्हर जसा मिळतो तसाच वापरला तर तो 300 ते 4000 सेकंदांच्या अंतराने प्रयत्न करतो आणि पाच दिवसांनी मेल परत पाठवतो. त्या पाच दिवसांत क्यूमध्ये पडलेला प्रत्येक मेल म्हणजे सर्व्हरने दिलेला आणि अजून न पाळलेला शब्द असतो.

या पुस्तिकेचा विषय नेमका तिथला आहे. क्यूमध्ये थांबलेल्या मेलमधून हवी ती माहिती शेल स्क्रिप्टने कशी काढायची? पाठवणारा कोण, घेणारा कोण, मेल कधी आला, केवढा आहे, कशामुळे अडकला, विषयाची ओळ काय? वरवर पाहता हे काम सोपे वाटते. मेलक्यू कमांड चालवा, ग्रेपने ओळी गाळा, ऑकने रकाना छापा. दहा मेलांसाठी तेवढे पुरतेही. क्यूमध्ये हजारो मेल साचलेले असतात, फोन थांबत नाहीत आणि त्यातले कोणते ठेवायचे नि कोणते काढायचे हे निवडायला स्क्रिप्टची मदत घ्यावी लागते, तेव्हा मात्र काढलेले प्रत्येक फील्ड कुठून आले हे माहीत असावे लागते. ही प्रस्तावना त्यासाठी आहे. तिच्यात कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करायची रूपे त्या त्या प्रकरणात सापडतील.

आता मेल सर्व्हर सांभाळतो कोण, असा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच संस्थांच्या मेलपेट्या मोठ्या कंपन्यांकडे गेल्या. पण पगारपत्रके पाठवणारे सॉफ्टवेअर, निकाल कळवणारे पोर्टल, बिले काढणारी यंत्रणा, बॅकअप फसला तर रात्री कळवणारी स्क्रिप्ट, या सगळ्यांचे मेल आजही बहुधा कुठल्या तरी कोपऱ्यातल्या लिनक्स सर्व्हरवरून बाहेर पडतात. महाविद्यालये, सहकारी बँका, कारखाने, रुग्णालये यांच्याकडे असे सर्व्हर आहेत. झिंब्रा बसवलेले असेल तर त्याच्याही पोटात पोस्टफिक्सच असतो. आणि ते सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. प्रिंटरपासून हजेरीच्या यंत्रापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात, आणि ‘मेल गेला नाही’ ही तक्रारही त्याच्याकडेच येते. ही पुस्तिका त्या आयटीवाल्यासाठी आहे.

या पुस्तिकेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. क्यूमधला मेल एका हाताने लिहिलेला नसतो. त्यात चार जणांचे लिखाण असते, आणि फील्ड वाचण्याआधी ते चौघांपैकी कोणाचे, हे ओळखायला हवे.

पहिला हात आपल्या सर्व्हरचा. मेल किती वाजता आला, किती बाइटचा आहे, कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, कोणत्या खात्याचा पासवर्ड देऊन आला, त्याला कोणता क्यू आयडी मिळाला, हे सर्व्हर स्वतः पाहून आणि मोजून लिहितो. दुसरा हात मेल आणून देणाऱ्या प्रोग्रामचा. जोडणी झाल्यावर तो ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा आणि ‘आरसीपीटी टू’ म्हणून घेणाऱ्याचा पत्ता सांगतो. तिसरा हात मेल तयार करणाऱ्याचा. फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट ही हेडरे आणि खालचा मजकूर त्याचा. चौथा हात पलीकडच्या सर्व्हरचा. मेल का घेतला नाही याचे कारण तो सांगतो आणि आपला सर्व्हर ते टिपून ठेवतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हातातला फरक टपालाच्या उदाहरणाने चटकन कळतो. पत्रात वरती ‘प्रति’ काहीही लिहिलेले असो, पोस्टमन पाकिटावरचा पत्ता पाहतो. मेल सर्व्हरही तेच करतो. ‘आरसीपीटी टू’ हे पाकीट, ‘टू’ हे हेडर आतला कागद. कोणी दोनशे जणांना बीसीसी करून मेल पाठवला तर पाकिटावर दोनशे पत्ते असतात आणि हेडरमध्ये त्यांतला एकही नसतो. अमुक माणसाला जाणारे मेल शोधायला ‘टू’ हेडरवर ग्रेप चालवणाऱ्या स्क्रिप्टला हे दोनशे जण कधीच दिसणार नाहीत. स्क्रिप्टमध्ये चूक काहीच नसते. ती भलत्याच हाताचे लिखाण वाचत असते, एवढेच.

हे चार हात फाइलमध्ये कसे उतरवायचे याचा प्रत्येक मेल सर्व्हरने वेगळा विचार केला. एरिक ऑलमन यांनी बर्कली विद्यापीठात घडवलेला सेंडमेल 1983 च्या सुमारास बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडला. तो प्रत्येक मेलच्या दोन फाइली करी, क्यूएफ आणि डीएफ. डीएफमध्ये मजकूर, क्यूएफमध्ये बाकी सारे. क्यूएफमधल्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर ती कसली आहे ते सांगे: एस म्हणजे पाठवणारा, आर म्हणजे घेणारा, एच म्हणजे हेडर, टी म्हणजे आल्याची वेळ, एन म्हणजे झालेले प्रयत्न, एम म्हणजे अडकण्याचे कारण. अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी 1977 मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार केलेल्या ऑकला ही रचना फार मानवते. पहिले अक्षर बघा, उरलेली ओळ छापा. क्यूमधून फील्ड काढायची सवय लोकांना याच काळात लागली.

पुढच्या पिढीने फाइल इतकी उघडी ठेवली नाही. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये सुरू केलेला एक्झिम पाकीट आणि हेडर एका फाइलीत ठेवतो, मजकूर दुसरीत. प्रत्येक हेडरच्या आधी त्याची लांबी आणि प्रकार सांगणारे अक्षर असते. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलमध्ये पाठवणारा एका डिरेक्टरीत, बाहेर जाणारे पत्ते दुसरीत, मजकूर तिसरीत, आणि पत्ते नवीन ओळीने तोडलेले नसून शून्य बाइटने तोडलेले. वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिलेला आणि 1998 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला पोस्टफिक्स सगळे एकाच फाइलीत ठेवतो, पण ओळींच्या रूपात नाही. आधी नोंदीचा प्रकार सांगणारा एक बाइट, मग लांबी, मग मजकूर.

इथे एक बारकावा आहे, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तो कायम ध्यानात ठेवावा. एका मेलचे पाच घेणारे असतील आणि तिघांना तो पोहोचला असेल, तर फाइल नव्याने लिहिली जात नाही. पोस्टफिक्स त्या तिघांच्या नोंदीवरचे आर हे अक्षर जागच्या जागी बदलून डी करतो. क्यूमेलही तेच करतो; त्याच्याकडे टी चे डी होते. पत्ता मात्र फाइलीत तसाच राहतो. म्हणजे फाइलीवर सरळ ग्रेप चालवणाऱ्याला पाचही पत्ते सापडतात आणि पोहोचलेले तिघेही अडकलेले वाटतात. म्हणून पोस्टफिक्सची फाइल उघडायची ती पोस्टकॅटमधून. ही कमांड प्रत्येक नोंद नाव देऊन छापते, पाकीट, मजकूर आणि शेवट वेगवेगळ्या मथळ्यांखाली दाखवते, आणि पोहोचलेला पत्ता वेगळ्या नावाने छापते. ज्याने फाइल लिहिली त्याच्याच साधनाने ती वाचावी, हा धडा कुठल्याही मेल सर्व्हरला लागू आहे.

मेलक्यूचे किंवा पोस्टक्यू -पी चे आउटपुट माणसाने वाचण्यासाठी बनवलेले आहे. तरी बहुतेक स्क्रिप्ट त्याच्यापासूनच सुरू होतात, म्हणून ते नीट पाहू. वर एक शीर्षकाची ओळ. मग प्रत्येक मेलचा एक परिच्छेद, आणि दोन परिच्छेदांत एक रिकामी ओळ. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत सात रकाने: क्यू आयडी, आकार, वार, महिना, तारीख, वेळ, पाठवणारा. आयडीला तारा चिकटलेला असेल तर मेल त्या क्षणी पाठवला जात आहे, उद्गारचिन्ह असेल तर तो कोणीतरी थांबवून ठेवला आहे. खाली कंसात अडकण्याचे कारण आणि त्याखाली, उजवीकडे सरकवून, ते कारण ज्यांना लागू आहे ते पत्ते. कारणे दोन असतील तर कंसही दोन. सात रकान्यांत वर्ष कुठेच नाही, हेही पाहून ठेवावे.

अशा मांडणीवर ओळीओळीने चालणारी स्क्रिप्ट फसते. पत्त्याची ओळ सापडते, पण ती कोणत्या आयडीची हे वरच्या ओळीत राहून जाते. यावरचा उपाय ऑकमध्ये आधीपासून आहे. नोंदी तोडणारे चिन्ह म्हणून ऑकला काहीच न देता रिकामे ठेवले, तर तो रिकाम्या ओळींवर तोडतो आणि अख्खा परिच्छेद एक नोंद होते. पोस्टसुपर या कमांडच्या मॅन्युअलमध्ये याचे एक उदाहरण आहे, आणि या विषयावर त्याहून चांगला छोटा पाठ मी पाहिलेला नाही. एका विशिष्ट पत्त्याकडे जाणारे मेल क्यूमधून काढून टाकायचे आहेत. ते उदाहरण आधी शीर्षकाची ओळ सोडून देते, मग कंसातल्या कारणांच्या ओळी गाळते, मग ऑकला परिच्छेद देते. आता सातवा रकाना पाठवणारा आणि आठवा पहिला घेणारा. ऑक दोन अटी तपासतो: आठवा रकाना हवा तो पत्ता असला पाहिजे आणि नववा रिकामा असला पाहिजे. दोन्ही जुळल्या तरच आयडी छापतो. मग टीआर ही कमांड आयडीला चिकटलेला तारा किंवा उद्गारचिन्ह पुसते आणि उरलेला शुद्ध आयडी पोस्टसुपरकडे जातो.

सगळे शहाणपण नवव्या रकान्यात आहे. तो रिकामा असणे म्हणजे घेणारा एकटाच असणे. ती अट काढून टाकली तरी स्क्रिप्ट चालेल, बहुतेक वेळा तोच निकाल देईल. पण ज्या दिवशी एका मेलचे चार घेणारे असतील आणि पहिला हा असेल, त्या दिवशी उरलेल्या तिघांचा मेल काही न सांगता नाहीसा होईल. सर्व्हरने 250 म्हणून दिलेला शब्द आपल्या स्क्रिप्टने मोडलेला असेल. फील्ड काढणे आणि फील्डचा अर्थ समजणे यांतले अंतर त्या एका अटीएवढे आहे.

कोणती ओळ कोणाची, हे ओळखल्याने काय साधते ते पासवर्ड चोरीला गेलेल्या खात्यात सर्वांत स्पष्ट दिसते. हा प्रसंग सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येतो. सकाळी क्यूमध्ये हजारो जाहिराती, आणि प्रत्येकीचा पाठवणारा वेगळा. फ्रॉम हेडर पाहावे तर तो तिसऱ्या हाताचा, म्हणजे चोराचा. ‘मेल फ्रॉम’ पाहावा तर तो दुसऱ्या हाताचा, तोही चोराचाच. पत्ते मोजत बसलो तर हजार खोटी नावे हाती लागतात. पण मेल बाहेर पाठवायला चोराला आपल्या एखाद्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागलेला असतो, आणि कोणाचा दिला हे पोस्टफिक्सने स्वतः तपासून फाइलीत लिहिलेले असते. पोस्टकॅटच्या आउटपुटमध्ये ‘सॅसल यूजरनेम’ नावाच्या नोंदीत ते खाते दिसते. क्यूमधल्या सगळ्या मेलमधून फक्त ती नोंद काढा, सॉर्ट करा, युनिक -सी ने मोजा, पुन्हा उतरत्या क्रमाने सॉर्ट करा. हजार पत्त्यांमागचे एकच खाते वरच्या ओळीत येते. पासवर्ड बदला, त्या खात्याचे मेल वेगळे काढा, बाकीच्यांचे जाऊ द्या. रिसीव्हड हेडरांनाही हाच न्याय लावावा. सर्वांत वरचे आपल्या सर्व्हरने लिहिलेले असते, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. त्याखालची कोणीही रचलेली असू शकतात.

चौथ्या हाताची ओळ, म्हणजे अडकण्याचे कारण, सर्वांत जास्त बोलते आणि सर्वांत कमी वाचली जाते. कोडचा पहिला अंक 4 असेल तर अडचण तात्पुरती, 5 असेल तर कायमची. 5 मिळालेला मेल सहसा लगेच परत जातो, म्हणून क्यूमध्ये बहुतांशी 4 चे राज्य असते. त्यापुढे आरएफसी 3463 प्रमाणे टिंबांनी तोडलेले तीन आकडे येतात. 4.2.2 म्हणजे मेलपेटी भरलेली, 4.4.1 म्हणजे पलीकडून प्रतिसाद नाही (हे अर्थात आपलाच सर्व्हर लिहितो), 4.7 ने सुरू होणारे म्हणजे धोरणाचा किंवा सुरक्षेचा प्रश्न. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क बंधनकारक केले. जीमेलच्या लेखी दिवसाला पाच हजार मेल ही त्याची सीमा. तेव्हापासून कारणांच्या ओळीतले हे आकडे न वाचता सर्व्हर सांभाळणे अवघड झाले आहे. मात्र कारणे सरळ मोजता येत नाहीत. बहुतेक ओळींत पलीकडचा आयपी पत्ता, त्याचा स्वतःचा क्रमांक, कधी एखादा दुवा असतो. त्यामुळे एकाच कारणाच्या शंभर ओळी शंभर वेगळी कारणे असल्यासारख्या दिसतात. आधी सेडने ओळ छाटून कोड आणि डोमेन तेवढे ठेवायचे आणि मग मोजायचे. असे मोजले की क्यूचे चित्र पाच-सहा ओळींत मावते.

आता मराठी वाचकाच्या खास गरजेकडे येतो. आपल्या मेलचे विषय मराठीत असतात, आणि क्यूमध्ये ‘निमंत्रण’ शोधायला ग्रेप चालवला तर काहीच सापडत नाही. मेलची हेडरे मुळात इंग्रजी अक्षरांसाठीच घडली. नोव्हेंबर 1996 च्या आरएफसी 2047 मध्ये इतर लिप्यांसाठी एक वाट सांगितली आहे: अक्षरे बेस64 मध्ये बदलायची आणि त्यांच्या आधी लिपीच्या एन्कोडिंगचे नाव लिहायचे. देवनागरीच्या बाबतीत हा हिशेब फार नेटका बसतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि बेस64 दर तीन बाइटांची चार अक्षरे करते. म्हणजे एका चिन्हाची बरोबर चार अक्षरे. त्यांतली पहिली तीन ठरलेली असतात: 4, के आणि एस, किंवा 4, के आणि डब्ल्यू. ‘न’ चे होते 4-के-एस-ओ, ‘म’ चे 4-के-एस-यू, आणि पाय मोडायच्या चिन्हाचे 4-के-डब्ल्यू-एन. ‘नमस्कार’ची सात चिन्हे, म्हणून 28 अक्षरे, आणि दर चार अक्षरांनी 4-के पुन्हा येते. पहिली मोकळी जागा आली की ही लय मोडते, कारण मोकळी जागा एकाच बाइटची असते. तरी क्यूमधल्या विषयाच्या ओळीत आरंभीच 4-के-एस दिसले की समजावे, हा मेल देवनागरीत आहे.

पुढची अडचण लांबीची. आरएफसी 2047 प्रमाणे असा एक तुकडा 75 अक्षरांहून मोठा असू शकत नाही. एन्कोडिंगचे नाव आणि खुणा 12 अक्षरे खातात, उरलेल्या 63 मध्ये चारच्या पटीत 60 मावतात, म्हणजे 45 बाइट. ‘मासिक सभेचे निमंत्रण’ एवढ्या साध्या विषयाला 56 बाइट लागतात. त्याचे दोन तुकडे पडतात, आणि दुसरा तुकडा बहुधा पुढच्या ओळीवर, आधी मोकळी जागा सोडून जातो. सब्जेक्टने सुरू होणारी एकच ओळ उचलणारी स्क्रिप्ट निम्मे निमंत्रण गमावते. म्हणून क्रम असा ठेवावा: मोकळ्या जागेने किंवा टॅबने सुरू होणाऱ्या ओळी आधीच्या ओळीला जोडाव्यात, दोन तुकड्यांमधली जागा काढावी, मग प्रत्येक तुकडा उलगडून यूटीएफ-8 मध्ये आणावा, आणि शोध त्यानंतरच घ्यावा. प्रश्न फक्त विषयाचा नाही. 2014 मध्ये .भारत हे डोमेन सुरू झाले आणि फेब्रुवारी 2015 च्या पोस्टफिक्स 3.0 पासून पत्ताच देवनागरीत असण्याची सोय झाली. पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरे येतात असे गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्ट आपल्याच लोकांचे मेल वगळू लागतील.

शेलचे स्वतःचे धोके आहेत, आणि ते इथे जास्त टोकदार होतात, कारण क्यूमधला मजकूर अनोळखी माणसाने लिहिलेला असतो. मानकाप्रमाणे पत्त्याच्या डाव्या भागात डॉलर, अँपरसँड, उभी रेघ, एकेरी अवतरणचिन्ह, उलटे अवतरणचिन्ह ही सारी चालतात. अवतरणात घातला तर त्यात मोकळी जागाही येऊ शकते, आणि मग ऑकचा सातवा रकाना दोन रकाने होतो. म्हणून तीन नियम. चल नेहमी दुहेरी अवतरणात लिहावा. क्यूमधून आलेला मजकूर कधीही इव्हॅलकडे देऊ नये. ओळी वाचताना रीडला -आर लावावे, म्हणजे उलटी तिरकी रेघ गिळली जाणार नाही. आणखी एक: आयडीची लांबी मोजून तो ओळखू नये. एक्झिमचा आयडी वर्षानुवर्षे 16 अक्षरांचा होता; 2023 च्या 4.97 आवृत्तीने तो 23 अक्षरांचा केला, आणि 16 मोजणाऱ्या स्क्रिप्ट अडखळल्या.

यातल्या बऱ्याच अडचणींवर पोस्टफिक्सने 2016 च्या 3.1 आवृत्तीत उत्तर दिले. पोस्टक्यू -जे म्हटले की प्रत्येक मेल जेसनच्या एका ओळीत येतो. क्यूचे नाव, आयडी, 1970 पासूनच्या सेकंदांत वेळ, आकार, पाठवणारा, आणि प्रत्येक घेणाऱ्याशेजारी त्याचे स्वतःचे कारण. परिच्छेद जोडायची गरज नाही, वर्ष हरवत नाही, पत्त्यातली मोकळी जागा रकाना मोडत नाही. जेक्यू या छोट्या प्रोग्रामने हवे ते फील्ड नावाने मागता येते. जिथे 3.1 किंवा त्यापुढची आवृत्ती आहे तिथे हाच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही पुस्तिकेचा अर्धा भाग ऑकवर आहे. जुने सर्व्हर बदलता येत नाहीत, प्रत्येक ठिकाणी जेक्यू बसवायची परवानगी नसते, आणि एक्झिमवाल्यांना आपली वाट वेगळी काढावी लागते. शिवाय जेसन फील्डचे नाव सांगते, ते कोणी लिहिले हे सांगत नाही. तो विचार आपल्यालाच करावा लागतो.

फील्ड काढून झाले की पुढे कृती येते, आणि कृती बहुधा डिलीटची असते. यादी करणे आणि पुसणे यांमध्ये काही सेकंद जातात. तेवढ्यात मेल पोहोचलेला असू शकतो, आणि पोस्टफिक्सचा छोटा आयडी नव्या मेलला मिळालेला असू शकतो, कारण तो घड्याळातले मायक्रोसेकंद आणि फाइलीचा आयनोड क्रमांक यांतून बनतो. अशाने क्वचित भलताच मेल पुसला जाऊ शकतो, असे पोस्टसुपरचे मॅन्युअल मोकळेपणाने सांगते. 2.9 आवृत्तीपासून असलेले लांब आयडी चालू केले तर हा धोका टळतो. कोणतेही आयडी असोत, या पुस्तिकेतली एकही स्क्रिप्ट सरळ पुसत नाही. ती आधी मेल होल्डवर टाकते, यादी फाइलीत लिहिते, माणसाला दाखवते. पुसण्याचा निर्णय माणसाचा.

गोपनीयतेबद्दलही सांगितले पाहिजे. पोस्टकॅट रूटच्या अधिकाराने चालते आणि कोणाचेही खाजगी पत्र समोर ठेवते. बहुतेक प्रश्नांची उत्तरे पाकिटात आणि कारणाच्या ओळीत मिळतात. मजकूर उघडायची गरज क्वचितच पडते. पोस्टकॅटला फक्त पाकीट किंवा फक्त हेडरे दाखवायला सांगता येते, तेव्हा तेवढेच मागावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आता कायद्याच्या भाषेतही आणली आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याचे पत्र न वाचणे हे या कामाचे पहिले पथ्य आहे.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात पोस्टफिक्सची क्यू, मेलक्यू आणि पोस्टकॅट. दुसऱ्यात ऑक आणि सेडने फील्ड काढणे, कारणांची वर्गवारी, मराठी विषय उलगडणे. तिसऱ्यात जेसन आणि जेक्यू. चौथ्यात एक्झिमची साधने, आणि जुन्या सर्व्हरवर अजून भेटणारे सेंडमेल नि क्यूमेल यांची तोंडओळख. शेलची जुजबी ओळख असलेल्या कोणालाही हे वाचता येईल. प्रत्येक स्क्रिप्ट आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवावी. मुद्दाम चुकीच्या डोमेनला चार मेल पाठवले की सरावाची क्यू तयार होते.

आभार मानायचे तर वेनेमा, हेझल, बर्नस्टाइन, ऑलमन यांचे आणि त्यांच्या प्रकल्पांत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांचे मानले पाहिजेत. त्यांनी प्रोग्राम मोकळे ठेवलेच, शिवाय त्यांचे धोके मॅन्युअलमध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवले. मॅन्युअल इंग्रजीत आहे म्हणून आपल्याकडे अनेक जण ते टाळतात आणि कुठूनतरी मिळालेली एक ओळ चालवून मोकळे होतात. ती सवय मोडावी अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर एक टिपणी आहे: कोणते फील्ड काढले, ते चौघांपैकी कोणी लिहिले, आणि म्हणून त्यावर किती भरवसा ठेवायचा. वाचकाने स्वतःची स्क्रिप्ट लिहिताना ही टिपणी आधी लिहावी आणि कोड नंतर. टिपणी लिहिता आली नाही, तर त्या स्क्रिप्टला क्यूमधला एकही मेल पुसायची मुभा देऊ नये.